बोरखडीच्या काठावरची डोलकाठी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नाही. मागे कार्तिकातलं धुतलेलं आभाळ. डावीकडं धरणाचं पाणी, काठोकाठ भरलेलं. उजवीकडं तुरी पिवळ्या फुलावर आलेल्या. आणि मधोमध, पाण्यापासून चांगलं वीस हात वर, मुरमाच्या टेकाडावर एक शिडाची होडी उभी. तिची डोलकाठी ताडासारखी सरळ आभाळात गेलेली. नेपथ्यकारानं घाईत दुसऱ्याच नाटकाचा देखावा आणून इथं लावला की काय, असं पाहणाऱ्याला वाटावं. समुद्र कुठं आणि तिवस्याच्या आडवाटेची ही बोरखडी कुठं!

तारांना काहीतरी लटकतंय. हिरव्या बांगड्या, खणांचे तुकडे, नाडे. वारा आला की सगळं किणकिणतं.

आता विंगेतून येतो तो चंद्रभान गावनेर. वय एकाहत्तर. अंगात बिनबाह्यांचं स्वेटर, एका हातात पाना, दुसऱ्या हातात तेलाची कुप्पी. चाल अजून खलाशाची, पाय फाकवून टाकलेली, जणू जमीनच हलतेय आणि हा तेवढा सावध आहे. रोज सकाळी येतो, होडीला एक फेरी घालतो आणि पाना तसाच खिशात घालून परत जातो. हे असं का, तेच सांगायचं आहे.

चंद्रभान जन्मला जुन्या बोरखडीत. ती बोरखडी आज पाण्याखाली आहे. पोहायला शिकला गावच्या विहिरीत. अठराव्या वर्षी अमरावतीला भरती होती म्हणून मित्राला सोबत करायला गेला. मित्र नापास झाला आणि हा नौदलात गेला. पाच नद्यांची नावं सांगता न येणाऱ्या पोरानं समुद्र पाहिला, आणि शिडाच्या होडीवर त्याचा जीव जडला. वारा नुसता कानाला लागला की कुठून येतोय ते सांगायचा. जहाजावरचे साहेब म्हणत, हा कोकणातला असणार. चंद्रभान छाती काढून म्हणे, "वऱ्हाडातला हाओ, साहेब. आमच्याकडं पाणी कमी, वाराच जास्त."

वच्छला त्याच्या घरी आली ती अकोल्याहून, एकोणिसाव्या वर्षी. दोन वर्षं त्या घरात नांदली आणि बाळंतपणाला माहेरी गेली. त्याच पावसाळ्यात धरणाची भिंत पूर्ण झाली, पाणी अंदाजापेक्षा लवकर चढलं. चंद्रभान जहाजावर, वच्छला अकोल्याच्या जठारपेठेत बाळंतिणीच्या खोलीत, कुशीत आठ दिवसांची लेक वर्षाली. सासऱ्यांनी भांडीकुंडी, गुरंढोरं काढली. घर राहिलं. त्या दोघांनी आपलं घर जाताना पाहिलं नाही. सुटीवर आला तेव्हा चंद्रभान टेकडीवर उभा राहिला, आणि समोर नुसतं पाणी. नाटक संपून मांडव उठल्यावर मैदानात पोहोचलेल्या प्रेक्षकासारखी गत.

वच्छला पुढं आयुष्यभर एकच वाक्य बोलायची, "म्या त त्या घराले जातो म्हणूनबी नाई म्हटलं."

नौदलातून सुटल्यावर चंद्रभाननं नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात गेटवर नोकरी केली. तिथून निवृत्त झाला तेव्हा लोक शेत घेतात, पोराला दुकान टाकून देतात. यानं मुंबईच्या कुठल्याशा क्लबनं भंगारात काढलेली लाकडी होडी ट्रकवर घालून आणली. वाटेत अकोल्याला जठारपेठेत ट्रक थांबला तेव्हा जावई, वर्षालीचा नवरा अनुप, बाहेर आला आणि बघतच राहिला.

"बाबा, हे काय आणलं?"

"तुह्या सासूचं घर पाह्याले चाललो," चंद्रभान म्हणाला.

दोन वर्षं खपून त्यानं ती होडी उभी केली. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासला, राळ लावली, शीड शिवून घेतलं. बाजूवर पांढऱ्या रंगात नाव घातलं, 'बोरखडी'. पहिल्यांदा पाण्यात गेली तेव्हा नवं गाव झाडून काठावर आलं होतं. तो शीड फुगवून बरोबर आपल्या घरावर गेला. कसं कळलं? एका डोळ्यानं मारुतीच्या टेकडीवरचं चिंचेचं झाड धरायचं, दुसऱ्यानं धरणाच्या भिंतीचा तिसरा खांब, आणि दोन्ही रेषा जिथं कापतील तिथं खाली घर. तिथं त्यानं शीड उतरवलं, हात जोडले आणि परत आला.

पण वच्छला काही बसली नाही. पाण्याची तिला भीती. दर साली म्हणायची, "पुढच्या पाण्याले बसतो."

मग तिच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गेलेली नजर येत नाही, उरलेली आकसत जाईल, औषध घाला आणि देवाचं नाव घ्या. वच्छलाला जग आता पडद्याच्या भोकातून दिसावं तसं दिसे. समोरचा तुकडा तेवढा उजळ, बाजूचं सगळं अंधारात. परतीच्या एसटीत ती मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाली, "अवो, औंदा बसतोच मी. दिसते तवरोक पाहून घेतो घर."

चंद्रभाननं खिडकीकडं तोंड फिरवलं. इतकी वर्षं ज्या टाळीची वाट पाहिली, ती अशी यावी!

पण तेव्हा कार्तिक लागला होता. आपल्याकडं होडीला हिवाळ्यात सुटी असते. बर्फ पडतं म्हणून नाही. गहू-हरभऱ्याला कालव्यातून पाणी सुटतं आणि धरण रोज हातभर खाली जातं. होडी पाण्यात ठेवली तर चिखलात फसून बसते. म्हणून गेट उघडण्याआधी ती वर काढायची आणि पुढच्या श्रावणापर्यंत टेकाडावर ठेवायची. वच्छलाला त्याच आठवड्यात सर्दी-तापानं गाठलं. ठरलं, की पुढच्या श्रावणात, पाणी चढलं की पहिल्याच दिवशी.

वर काढायला दर साली ओमप्रकाश आपली हायड्रा घेऊन यायचा. हायड्रा म्हणजे ती पिवळी चाकांवरची क्रेन. आधी डोलकाठी उतरवून आडवी ठेवायची, मग होडी उचलायची, असा रिवाज. त्या साली ओमप्रकाश आला तो घड्याळ पाहतच.

"काका, हायवेचं काम सुरू हाये. अर्धाच घंटा हाये माह्याजवळ. नाव टेकाडावर ठेवून देतो, डोलकाठी राहू द्या उभी."

"उभी ठेवाची त नाव बराबर बसली पायजे, बाबू. वारा डोलकाठीले धरते अन् अख्खी नाव पाडते."

"त बसवा ना तुमी. नेवीचे माणूस तुमी!"

आता नेवीचं नाव काढल्यावर चंद्रभान मागं हटतो काय? त्यानं सागाचे सहा टेकू लावले. डोलकाठीच्या तारा चहूबाजूंनी ताणून स्क्रूनं कसल्या. आणि होडीच्या बुडाचा लोखंडी कणा टेकवायला सपाट दगड पाहिजे होते. मागच्या उन्हाळ्यात धरणातला गाळ काढला होता, त्यातून निघालेल्या दगडांचा ढीग काठावर पडलेला. त्यातला एक काळा, लांबट, छान सपाट दगड त्यानं निवडला. शेवाळानं माखलेला. जुन्या घाटावरचा धुण्याचा दगड असेल, असं मनात म्हणाला, आणि ऐन मध्यावर, जिथं सगळा भार येतो तिथं, बसवला.

इथंच ठेच लागली. आणि ती लागली कारण चंद्रभान पुरुष होता.

जुन्या बोरखडीच्या घाटावर सात आसरांचं ठाणं होतं. पाण्याच्या सात बहिणी. तो देव बायकांचा. पुरुषांनी त्या बाजूला फिरकायचं नाही, मान वर करून पाहायचं नाही, असा गावाचा दंडक. गावातला कुठलाही बाप्या तो दगड ओळखू शकला नसता. गावातल्या कुठल्याही बाईनं तो अंधारात हात लावून ओळखला असता.

माघात पाणी उतरलं, वरच्या अंगाचा घाट उघडा पडला; खोलगटातली घरं मात्र पाण्याखालीच. गाव उठल्यापासून दर माघात जुन्या बोरखडीच्या बायका तिथं ओटी भरायला येत. त्या आल्या आणि ठाणं रिकामं! सगळ्यांत पुढं माणिकबाई, ऐंशीची, कंबरेत वाकलेली पण आवाज असा की शेवटच्या रांगेला पोहोचावा. बायका रडायला लागल्या. कोणी म्हणे गाळाच्या ट्रॅक्टरात गेली माय, कोणी म्हणे रुसून गेली. हिंडत हिंडत त्या टेकाडावर आल्या. हिवाळ्याच्या उन्हानं शेवाळ वाळून झडलं होतं. दगडाच्या कडेला ओळीनं सात टेंगळं, त्यांवर जुना शेंदूर, आणि तोंड बरोबर पूर्वेला.

माणिकबाईनं बसकण मारली. "अवं पोरीहो! माय पाण्याले कटाळली वं! नाव करून वर आली!"

चंद्रभानला पहिल्यांदा गंमतच वाटली. सायंकाळी घरी येऊन वच्छलाला म्हणाला, "तुह्या आसरा माह्या नावेखाली भाड्यानं राह्यल्या."

वच्छला हसली नाही. ती उठली, हळदीकुंकवाची कोयरी घेतली आणि भिंत चाचपत दाराकडं निघाली. "मले तथी घेऊन चाला," म्हणाली.

मग आसपासच्या गावांतून बायका येऊ लागल्या. डोलकाठी लांबून दिसे ना! शेतात निंदणाऱ्या बाईनं मान वर केली की दिसे. तारांना बांगड्या बांधल्या गेल्या. वैशाखात वावटळी सुटल्या तेव्हा चंद्रभान दुपारच्या उन्हात टेकू धरून उभा राही. तारा घूं घूं करत. बायका म्हणत, माय गाणं म्हणते. चंद्रभान दात आवळून म्हणे, "गाणं नाई वं, स्क्रू ढिल्ला झाला!" आणि पानानं कसून देई. आपल्याच हातानं तो ते ठाणं पक्कं करत होता, हे त्याला तेव्हा कळलं नाही.

लाकडाची होडी कोरड्यावर उन्हाळाभर राहिली की तिच्या फळ्या आकसतात. तो रोज ओलं बारदान घालायचा. एवढा एक श्रावण गाठायचा होता. इकडं वच्छलाच्या पडद्याचं भोक लहान लहान होत होतं. ताटातली भाकर दिसे, पण शेजारची चटणी हातानं शोधावी लागे.

श्रावण आला. पाणी चढलं. ओमप्रकाशची हायड्रा टेकाडावर आली, आणि तिच्या आधी येऊन बायका बसलेल्या. पन्नास-साठ असतील. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नुसत्या होडीभोवती बसलेल्या, डोक्यावर पदर घेऊन.

चंद्रभान पुढं झाला. "माणिकमाय, आयक. नाव उचलतो, दगड तुह्या हातानं काढ, काठावर नाईतं देवळात नेऊन ठेव. मी ओटा बांधून देतो. छप्पर घालून देतो."

"देवाच्या डोक्यावरचं छत्र कोणी काढते काय रे, बाबू?"

"छत्र नोहे ते, नाव हाये! पाण्यात जाची चीज हाये!"

माणिकबाई उठली. जवळ आली, त्याच्या सदऱ्याची सुटलेली गुंडी लावू लागली, लहानपणी लावली असेल तशी. आणि हळूच म्हणाली, "हे धरण दरसाल एक माणूस घेते. मोज. मागच्या साली नितेश गेला. त्याच्या आंधी मासे धरनाऱ्या ढिमराची सून. त्याच्या आंधी दोघं भाऊ. औंदा कोणी गेलं? पौर्णिमाचा पोरगा पडला, अन् आपसूक काठाले लागला. माय वर आली म्हणून लागला. तू नाव काढ, मी आडवी येत नाई. पण मंग कोणाचं लेकरू गेलं, त त्याच्या मायले जबाब तू देशीन?"

चंद्रभाननं आयुष्यात वादळं पाहिली होती. वादळाशी काय करायचं ते त्याला शिकवलेलं होतं. या प्रश्नाचं काय करायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. त्याचा यावर विश्वास होता काय? नव्हता. पण 'नाही जाणार कोणी' असं तो तरी कुठल्या तोंडानं म्हणणार होता?

ओमप्रकाशनं हायड्रा बंद केली. "काका, मले माफ करा. माह्या घरी दोन लेकरं हायेत."

शेवटी कौल लावायचं ठरलं. दगडाला ओल्या फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होडी न्यायची, डावी पडली तर ठेवायची. सगळे बसून राहिले. श्रावणाची रिपरिप, हवेत ओल. दोन्ही पाकळ्या चिकटल्या त्या चिकटल्याच. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस झाला. माय 'नाही' म्हणाली नाही, 'हो'ही म्हणाली नाही.

चंद्रभाननं सगळं करून पाहिलं. सरपंच म्हणाले, देवाच्या कामात मी कसा बोलू. धरणाच्या साहेबांनी सांगितलं, होडी आमच्या नोंदीत नाही, दगडही नाही. बंडू म्हणून मासे धरणारा एक भला माणूस होता, तो म्हणाला, "काका, काकूले माह्या थर्माकोलच्या तराफ्यावर घेऊन जातो ना मी."

वच्छला म्हणाली, "थर्माकोलवर? मी काय गणपती हाओ, शिरवाले?"

सगळे हसले, चंद्रभानही हसला. घरी आल्यावर मात्र त्यानं तिला विचारलं, "वच्छला, तू सांग ना त्यायले. तुह्यासाठीच त नाव हाये. तुह्यं आयकतीन."

तिनं डोळ्यांत थेंब टाकताना करावी तशी मान वर केली. "मले घर पाह्याचं हाये," ती म्हणाली. "पण माह्या घरासाठी कोणाचं घर बुडवू? आपलं बुडालं तवा कसं वाटलं, मालूम हाये ना तुमाले?"

जिच्यासाठी लढायचं तीच समोरच्या बाजूला, आणि समोरची बाजू खोटी म्हणावी तर तसंही नाही.

भाद्रपदातल्या एका सकाळी तो पाना घेऊन एकटाच गेला. मनाशी ठरवलेलं, आज तारा ढिल्या करायच्या. डोलकाठी उतरली की लांबून दिसायची नाही, लोक हळूहळू विसरतील, मग बघू. पहिल्या स्क्रूला पाना लावला. त्या स्क्रूवरच एक लाल नाडा बांधलेला, लहान पोराच्या चड्डीचा. गाठ मारताना आईनं कागदाची चिठ्ठी आत गुंडाळलेली. पौर्णिमाचा नाडा होता तो. पोरगा काठाला लागला त्याच दिवशी तिनं येऊन बांधला होता, तेव्हा चंद्रभान तिथंच होता, त्यानंच तिला वर हात पोहोचावा म्हणून डबा दिला होता पायाखाली. स्क्रू फिरवायचा तर नाडा कापायला हवा. चंद्रभान पाना धरून उभा राहिला. मग त्यानं स्क्रूवर तेलाचे दोन थेंब सोडले, गंजू नये म्हणून, आणि घरी आला.

दसरा गेला. दिवाळी गेली. फळ्यांमध्ये आता बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. आज कौल मिळाला असता तरी ती होडी पाण्यात टाकल्याबरोबर बुडाली असती. हे फक्त चंद्रभानला ठाऊक होतं. तो कुणाला बोलला नाही. वच्छलाला आता उजेड-अंधार कळे आणि बोटभर रुंदीचं काहीतरी समोर.

आणि काल, म्हणजे कालव्याचं गेट उघडण्याच्या आदल्या सकाळी, ती म्हणाली, "चाला. मले नावेत बसवा."

"नाव कोरड्यावर हाये, वच्छला."

"मालूम हाये. बसवा."

त्यानं शिडी लावली. एक एक पाय आपल्या हातानं ठेवत तिला वर चढवलं. खाली दोन-तीन बायका होत्या, त्या हात जोडून उभ्या राहिल्या. वच्छला मधल्या फळीवर बसली, डोलकाठीला हात घातला, लुगडं सारखं केलं. माहेराहून सासरी जायला बैलबंडीत बसावं तशी बसली. चंद्रभान मागं सुकाणूपाशी गेला. काय करायचं ते सुचेना, म्हणून दांडा हातात धरला.

समोर धरण भरलेलं. उद्यापासून उतरायला लागणार. मारुतीच्या टेकडीवरची चिंच दिसत होती, भिंतीचा तिसरा खांब दिसत होता. दोन रेषा तिकडं आत, लांब, पाण्यावर कापत होत्या. त्याला तिथं बोट ठेवता आलं असतं. तिला ते दिसलं नसतं.

"चालवा ना," वच्छला म्हणाली.

त्यानं दांडा किंचित फिरवला. उत्तरेचा वारा सकाळपासून सुटलेला होता, शीड असतं तर एका झपाट्यात घरावर नेणारा. डोक्यावर तारा घुमत होत्या, बांगड्या अशा वाजत होत्या की बोललेलं ऐकू येऊ नये. वच्छलाचा पदर उडून तोंडावर येत होता, तो ती पुन्हा पुन्हा कानामागं खोचत होती.

थोडा वेळ गेला. तिनं फळीवर तळवा टेकवला आणि मान त्याच्या दिशेनं वळवली.

"अवो, हलत कशी नाई?"

चंद्रभाननं वर डोलकाठीच्या टोकाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"वारा पडला हाये, वच्छला," तो म्हणाला. "बसू जराशेक."